जे जोडले गेले, त्यातले जे राहिले : प्रस्तावना

शिकागो विद्यापीठातले बालमज्जातज्ज्ञ पीटर हटनलॉकर यांचा एक शोधनिबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला. नवजात बालकापासून नव्वद वर्षांच्या वृद्धापर्यंत, मृत्यूनंतर मिळालेल्या २१ निरोगी मेंदूंमधला कपाळामागचा एक छोटा भाग त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. दोन चेतापेशी जिथे एकमेकींना निरोप देतात त्या जागा, म्हणजे सिनॅप्स, त्यांनी मोजल्या. प्रौढ मेंदूच्या या भागात एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ११० कोटी सिनॅप्स भरले. नवजात बाळातही ही दाटी जवळपास प्रौढाइतकीच होती. पहिल्या-दुसऱ्या वर्षी ती प्रौढापेक्षा सुमारे दीडपट झाली आणि त्यानंतर सोळाव्या वर्षापर्यंत उतरत गेली. सोळा ते बहात्तर या वयांत तिच्यात फारसा फरक दिसला नाही.

म्हणजे ज्या वर्षांत मूल बोलायला, वाचायला, गणित करायला शिकते, त्याच वर्षांत त्याच्या मेंदूतल्या जोडण्यांची दाटी कमी होत असते.

शिकणे म्हणजे नव्या जोडण्या होणे, हे वाक्य आता शाळेच्या फळ्यापर्यंत पोचले आहे. त्याची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. झालेली जोडणी आपोआप टिकत नाही. ती टिकवायला मेंदूला रोज काम करावे लागते, आणि ती मोडायची झाली तर तेही ठरावीक रीतीनेच करावे लागते. हा लेखसंग्रह या दोन कामांविषयी आहे. ही दोन्ही कामे एकाच यंत्रणेतून चालतात आणि एकाला वगळून दुसरे समजत नाही, हे आम्हा संपादकांचे म्हणणे आहे. पुस्तकाची सगळी मांडणी त्यावर उभी आहे.

जोडण्या मोडण्याच्या या प्रक्रियेला सर्वत्र छाटणी म्हणतात. नाशिक-सांगलीकडच्या वाचकाला लगेच द्राक्षबाग आठवेल, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. बागेत कोणती काडी ठेवायची, कितव्या डोळ्यावर कापायची, हे बागाईतदार ठरवतो. पुढच्या हंगामाचा घड त्याच्या मनात असतो. मेंदूत असे ठरवणारे कोणी नाही. सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी एकीलाही पूर्ण आराखडा ठाऊक नसतो. मग कोणती जोडणी राहावी आणि कोणती जावी हे ठरते कसे? या क्षेत्रातले बरेचसे महत्त्वाचे काम या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी झाले आहे. उत्तरे अनेक मिळाली आणि ती एकमेकांशी पुरती जुळत नाहीत.

आधी जोडणी म्हणजे काय हेच ठरायला बराच काळ गेला. इटलीचे कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ साली चांदीच्या क्षाराने चेतापेशी रंगवण्याची पद्धत शोधली. या रंगाचा गुण असा की असंख्य पेशींमधल्या थोड्याच काळ्या होतात, पण ज्या होतात त्या टोकापासून टोकापर्यंत दिसतात. स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल यांनी तीच पद्धत सुधारून वापरली आणि नेमका उलटा निष्कर्ष काढला. गोल्जींना मेंदू म्हणजे एकसंध जाळे वाटत होते. काहाल म्हणत, प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, ती दुसरीला फक्त टेकते. पेशीच्या फांद्यांवर, म्हणजे वृक्षिकांवर, असलेले बारीक काटे काहाल यांनी १८८८ साली नोंदवले. त्यांना आज स्पाइन म्हणतात. १९०६ चे नोबेल या दोघांना मिळून देण्यात आले, आणि तिथल्या भाषणातही गोल्जींनी आपला विरोध सोडला नाही. दरम्यान १८९७ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी या भेटीच्या जागेला सिनॅप्स हे नाव दिले होते. दोन पेशींच्या मधली फट प्रत्यक्ष दिसायला मात्र १९५० च्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला.

जोडणी टिकण्याचे पहिले मोठे उत्तर वापराशी निगडित होते. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडले की एक पेशी दुसरीला चेतवण्यात वारंवार सहभागी झाली तर त्यांच्यातली जोडणी बळकट होते. हा तर्क होता. पुरावा १९६० च्या दशकात हार्वर्डमध्ये डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांच्या मांजराच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून आला. पिल्लाची एक पापणी जन्मानंतरचे पहिले काही महिने शिवून बंद ठेवली आणि मग उघडली. डोळा शाबूत होता, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या जवळजवळ कुठल्याच पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देईनात. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असे काही होत नसे.

या प्रयोगमालेतला दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो सहसा सांगितलाच जात नाही. दोन्ही डोळे बंद ठेवले तर दोन्ही बाजूंच्या जोडण्या नाहीशा व्हायला हव्यात. तसे झाले नाही. बऱ्याच पेशी प्रतिसाद देत राहिल्या. म्हणजे वापर नसणे एवढे कारण पुरेसे नव्हते. शेजारच्या डोळ्याचा वापर चालू असणे, ही स्पर्धा, निर्णायक होती.

ही स्पर्धा सर्वांत स्पष्ट दिसते ती मेंदूच्या बाहेर, स्नायूंवर. नवजात उंदराच्या स्नायूच्या प्रत्येक धाग्यावर एकाच जागी अनेक चेतापेशींचे अक्षतंतू, म्हणजे निरोप पुढे नेणाऱ्या लांब शाखा, येऊन टेकलेले असतात. जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांत प्रत्येक धाग्यावर एकच उरतो. जेफ लिक्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चमकणाऱ्या रंगांची प्रथिने असलेले उंदीर वापरून ही झटापट जिवंत प्राण्यात दिवसेंदिवस पाहिली. एक तंतू थोडा पसरतो, दुसरा तेवढा मागे सरतो, आणि हरणाऱ्याचे टोक शेवटी आक्रसून निघून जाते. हरलेली पेशी मरत मात्र नाही. तिचे इतर धाग्यांवरचे बस्तान कायम असते, किंबहुना तिथे ते वाढत असते. २०१२ मध्ये लिक्टमन यांच्या प्रयोगशाळेने जिंकत असलेला तंतूच लेझरने काढून टाकला. निघून चाललेला तंतू मागे वळला आणि त्याने सगळी जागा व्यापली. त्याच्यात काही खोट नव्हती. तो फक्त त्या ठिकाणी, त्या प्रतिस्पर्ध्यापुढे कमी पडला होता. ‘कमजोर जोडण्या गळतात’ असे सरसकट वाक्य वाचकाला पुढे कुठेही भेटले तर त्याने हा प्रयोग आठवावा.

अशा निरीक्षणांवर एक तत्त्वज्ञान उभे राहिले. पॅरिसचे ज्याँ-पिएर शाँजो आणि आंत्वान दाँशाँ यांनी १९७६ मध्ये निवडीचा सिद्धांत विस्ताराने मांडला. जनुके गरजेपेक्षा जास्त जोडण्या घडवतात, आणि अनुभव त्यांतल्या काही स्थिर करतो. पुढे जेराल्ड एडलमन यांनी १९८७ मध्ये याच विचाराला डार्विनच्या नैसर्गिक निवडीशी जोडणारे पुस्तक लिहिले. या मताला तितकाच भक्कम विरोध झाला. डेल पर्व्हिस यांनी स्वतः जोडण्या नाहीशा होण्यावर पायाभूत काम केले होते, तरी १९९० च्या दशकात त्यांनी ठामपणे म्हटले की वाढत्या मेंदूची मुख्य कथा वाढीचीच आहे. अक्षतंतू लांबतात, वृक्षिका फुटतात, टिकलेल्या जोडण्या विस्तारतात, आणि नुसते गळलेले मोजून विकास कळत नाही. हा वाद मिटला आहे असे समजणाऱ्यांपैकी मी नाही. स्नायूवरचा प्रयोग दोन्ही पक्षांच्या उपयोगी पडतो, हेच त्याचे महत्त्व.

अनुभव नसतानाही ही निवड सुरू असते, हे १९९१ मध्ये कार्ला शॅट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवले. डोळा पाहू लागण्याआधीच अपक्व दृष्टिपटलात चेतनेच्या लाटा आपोआप उठतात, आणि डोळ्यापासून मेंदूपर्यंतची जुळणी नीट बसवायला त्या मदत करतात.

निवड होते हे कळले, पण नको असलेली जोडणी प्रत्यक्षात काढतो कोण? या शतकात सर्वाधिक चर्चिलेले उत्तर अनपेक्षित जागेतून आले. माद्रिदच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या लहान पेशी वेगळ्या ओळखल्या होत्या. पुढे कित्येक दशके त्यांच्याकडे इजा आणि संसर्गाच्या वेळी धावून येणाऱ्या पेशी म्हणूनच पाहिले गेले. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत पाहिल्यावर समजले की निरोगी अवस्थेतही त्यांचे हात सतत हलत, आजूबाजूचा भाग चाचपत असतात. २००७ मध्ये बेथ स्टीव्हन्स, बेन बॅरेस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रक्तात जिवाणूंवर खूण करणारी कॉम्प्लिमेंट प्रथिने वाढत्या मेंदूतल्या सिनॅप्सवरही सापडतात, आणि ती नसलेल्या उंदरांमध्ये जास्तीच्या जोडण्या तशाच राहून जातात. पुढच्या पाच वर्षांत मायक्रोग्लियाच्या पोटात सिनॅप्सचे तुकडे दिसले. प्रतिकारशक्तीची यंत्रणा मेंदूच्या घडणीत राबते, ही कल्पना तेव्हा खरोखर नवी होती.

इथे थोडे थांबायला हवे, कारण लोकप्रिय लेखनात या पेशी सिनॅप्स गिळत सुटलेल्या दाखवल्या जातात. रोमजवळच्या ज्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये हा विचार पुढे नेला, त्याच प्रयोगशाळेने २०१८ मध्ये अधिक बारकाईने चित्रण केले. मायक्रोग्लिया सिनॅप्सच्या निरोप पाठवणाऱ्या बाजूचे लहान लचके तोडताना दिसल्या; अख्खा काटा गिळताना एकही दिसली नाही. त्या निर्णय घेतात, की दुसरीकडे झालेल्या निर्णयानंतरची आवराआवर करतात, हा प्रश्न उघडा आहे. ॲस्ट्रोसाइट या दुसऱ्या सहाय्यक पेशीही हे काम करतात, हे २०१३ पासून ठाऊक आहे. शिवाय खाऊ नये अशी खूण करणारी प्रथिनेही असतात. म्हणजे वाचलेली जोडणी नुसती दुर्लक्षित राहून वाचत नाही. तिच्या बाजूनेही काहीतरी घडत असते.

टिकण्याचा प्रश्न इथून सुरू होतो, आणि या संग्रहात आम्ही त्याला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. १९८४ मध्ये फ्रान्सिस क्रिक यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण लिहिले. शरीरातली बहुतेक प्रथिने काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोडून नवी होतात, सिनॅप्समधलीही. मग लहानपणची आठवण साठ वर्षे कशी राहते? क्रिक यांची सूचना अशी की रेणू गटाने राहत असावेत, एकेक बदलला जावा आणि नव्याने आलेल्याला उरलेल्यांनी जुनी स्थिती द्यावी. जॉन लिस्मन यांनी कॅमकेटू या बारा घटकांच्या प्रथिनात अशी रचना शोधण्यात आयुष्याचा मोठा काळ घालवला. त्यावर आजही मतभेद आहेत, पण प्रश्नाची धार कमी झालेली नाही. सिनॅप्स ही वस्तू कमी आणि सतत चालू ठेवावी लागणारी क्रिया जास्त आहे.

ही क्रिया एकट्या सिनॅप्सपुरती नसते. ब्रँडाइस विद्यापीठात जीना तुरिजिआनो यांनी १९९८ मध्ये दाखवले की काचेच्या बशीत वाढवलेल्या चेतापेशींना दोन दिवस गप्प ठेवले तर त्या आपल्या सगळ्या जोडण्या एकाच प्रमाणात बळकट करतात, आणि गोंगाट वाढला तर त्याच प्रमाणात उतरवतात. एकमेकींमधला फरक, म्हणजे शिकलेले, तसेच राहते; एकूण आवाज आटोक्यात येतो. आणखी एक आधार पेशीच्या बाहेर असतो. काही चेतापेशींभोवती जाळीसारखे आवरण असते. त्याचे वर्णन एकोणिसाव्या शतकाअखेर गोल्जींनीच केले होते. २००२ मध्ये पिसा इथे हे आवरण विकराने विरघळवल्यावर प्रौढ उंदराच्या दृष्टिकेंद्रात लहानपणीसारखी लवचीकता पुन्हा दिसली. वय वाढले की मेंदूची लवचीकता संपते असे नाही. ती रोखून धरलेली असते, आणि रोखण्यालाही कारण आहे.

प्रौढ मेंदूत जोडण्या किती टिकतात? याचे उत्तर एकेकाळी अगदी विचित्र स्थितीत होते. डिसेंबर २००२ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. दोन्ही गटांनी जिवंत उंदराच्या मेंदूतले काटे आठवड्यामागून आठवडे पाहिले होते. एकाच्या मते महिनाभरात सुमारे ९६ टक्के काटे जागच्या जागी होते, दुसऱ्याच्या मते फक्त अर्धे. मेंदूचे भाग वेगळे होते, उंदरांची वये वेगळी होती. एका गटाने कवटी घासून पातळ केली होती आणि दुसऱ्याने उघडून काचेची खिडकी बसवली होती. पाहण्याच्या पद्धतीने पाहिलेले किती बदलते, हे या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला शिकवायचे असेल तर यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

झोपेविषयीही असेच दोन पक्ष आहेत. जुलिओ टोनोनी आणि कियारा चिरेल्ली यांचे म्हणणे, दिवसभर फुगलेले सिनॅप्स झोपेत आकसतात. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांमधले सुमारे ७,००० सिनॅप्स मोजून झोपेनंतर त्यांच्या आकारात सरासरी १८ टक्के घट दाखवली. त्याआधी २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटाला शिकल्यानंतरच्या झोपेत नवे काटे फुटताना दिसले होते. दोन्ही निरीक्षणे खरी असू शकतात, वेगवेगळ्या फांद्यांवर.

आजाराचा भाग लिहिताना हात आपोआप सावध होतो. १९८२ मध्ये अर्विन फाइनबर्ग यांनी शंका मांडली की स्किझोफ्रेनिया किशोरवयात दिसू लागतो याचा संबंध त्या वयातल्या बिघडलेल्या छाटणीशी असावा. त्यांच्या हाती तेव्हा फार थोडे पुरावे होते. २०१६ मध्ये सुमारे ६५ हजार लोकांच्या जनुकीय माहितीतून समोर आले की कॉम्प्लिमेंट कुळातल्या सी-फोर या जनुकाची काही रूपे या आजाराचा धोका वाढवतात. हा शोध मोठा आहे, पण एका माणसापुरती ती वाढ थोडीच असते. ज्या घरात हा आजार आहे तिथे ‘मेंदू जास्त छाटला गेला’ असे ऐकवणे चूक आहे आणि निर्दयही आहे. स्वमग्न मुलांच्या मेंदूत उलट, काटे कमी गळाल्याचे २०१४ मध्ये नोंदवले गेले. ते निरीक्षण थोड्याच मेंदूंवरचे होते. जास्त जोडण्या म्हणजे जास्त बुद्धी हे तर नक्कीच खरे नाही. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकारात काटे संख्येने अधिक असतात आणि बौद्धिक अडचणही असते. अल्झायमरच्या उंदरांमध्ये कॉम्प्लिमेंटची यंत्रणा चुकीच्या वेळी पुन्हा जागी होते, असे २०१६ पासून दिसते आहे. बालपणी घडवणारी यंत्रणाच पुढे मोडणारी ठरू शकते, ही शक्यता या पुस्तकात वारंवार येईल.

मराठीत हे पुस्तक आत्ता का, याचे उत्तर प्रयोगशाळेत कमी आणि बाह्यरुग्ण विभागात जास्त आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाला कॉक्लियर इम्प्लांट साधारण साडेतीन वर्षांच्या आत मिळाले तर मेंदूचे श्रवणकेंद्र नेहमीसारखे घडण्याची शक्यता बरीच अधिक असते. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणाच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आणि जन्मजात मोतीबिंदू दोन्ही आहेत. तरीही प्रत्येक नवजात बाळाची श्रवणचाचणी होते असे म्हणता येत नाही, आणि ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत महत्त्वाची वर्षे हातची जातात. आळशी डोळ्याचेही तेच. पट्टी बांधण्याचा उपाय स्वस्त आहे, वेळ मात्र मोजकी आहे.

दुसऱ्या बाजूला, पहिली वर्षे गेली म्हणजे सगळे गेले, ही भीतीही तितकीच घातक आहे. एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशने उत्तर भारतातल्या जन्मतः अंध मुलांवर उशिरा, कधी किशोरवयात, शस्त्रक्रिया करवून घेतल्या. त्यांची नजर पूर्ण तीक्ष्ण झाली नाही. पण हाताने ओळखलेली वस्तू डोळ्याने ओळखणे, जे पट्टी निघाल्याबरोबर जमत नव्हते, ते काही दिवसांतच जमू लागले. या दोन्ही गोष्टी, घाईची गरज आणि उशिराची आशा, एकाच आईला एकाच भेटीत सांगता आल्या पाहिजेत. मराठीत त्या नीट सांगणारा मजकूर हाताशी असावा, ही या संग्रहामागची खरी निकड.

बाजाराने ही जागा मोकळी ठेवलेली नाही. गेल्या दशकात ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग निघाले, बाळाचे सिनॅप्स वाढवणारी खेळणी आणि चूर्णे विकली गेली. त्यांच्या जाहिरातींत खरे शब्द असतात, म्हणून त्या अधिक फसवतात. वाचकाला एक कसोटी देतो. व्हँकुव्हरमध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवले की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ वेगळे ओळखतात, आणि वर्षाच्या आत बहुतेक बाळांची ही क्षमता ओसरते. आपल्या घरातल्या बाळांना हा फरक कोणत्याही वर्गाशिवाय टिकतो, कारण आजी, आई, शेजारी दिवसभर तो उच्चारत असतात. हा प्रयोग सिनॅप्स गळण्याचा थेट पुरावा नाही. तो ऐकण्यातला बदल आहे आणि मोठेपणीही सरावाने तो काही अंशी भरून निघतो. जाहिरात हे दुसरे वाक्य कधीच सांगत नाही. ते वाक्य शोधायची सवय लागावी, असे आम्हाला वाटते.

पुस्तकाची रचना इतिहासाच्या क्रमाने नाही. स्नायूपासून सुरुवात केली आहे, कारण तिथे डोळ्याने दिसते. मग दृष्टी, मग सहाय्यक पेशी, आणि मग टिकण्याचे रेणू. लेखकांमध्ये प्रयोगशाळेत काम करणारे आहेत तसे वाचा-श्रवण उपचार करणारे आणि बालमानसोपचारतज्ज्ञही आहेत. प्रत्येकाला एकच अट घातली होती: प्रयोग उंदरावर झाला की माणसावर, हे प्रत्येक ठिकाणी लिहायचे. घाईच्या वाचकाने आजारांवरचे लेख आधी उघडले तरी चालेल, पण स्नायूवरचा लेख वाचून परत त्यांच्याकडे यावे. अर्थ बदललेला जाणवेल. झोपेवरच्या दोन लेखांचे निष्कर्ष एकमेकांविरुद्ध आहेत. दोन्ही लेखकांनी एकमेकांचे मसुदे वाचले, उत्तरे लिहिली, आणि तरीही मते बदलली नाहीत. ती उत्तरेही लेखांसोबत छापली आहेत.